घडवणाऱ्याचं देणं

शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला एका कुत्र्याची गोष्ट सांगतात. अरण्यात एक ऋषी कंदमुळं खाऊन राहत असे. गावाकडून आलेला एक कुत्रा त्याच्यापाशी रमला आणि ऋषी खाई तेच खाऊ लागला. एकदा बिबट्या त्याच्यावर चालून आला. कुत्रा ऋषीच्या पायाशी आला, तेव्हा ऋषीने त्याला बिबट्या करून टाकलं. मग वाघ आला म्हणून त्याला वाघ केलं. पुढे मत्त हत्ती आला तेव्हा हत्ती केलं, सिंह आला तेव्हा सिंह केलं, आणि सिंहालाही मारणारा शरभ आला तेव्हा शरभ केलं. शेवटी त्या शरभाला ऋषीच्याच रक्ताची इच्छा झाली. ऋषीने ते ओळखलं, त्याला पुन्हा कुत्रा केलं आणि तपोवनातून हाकलून दिलं. भीष्मांनी यातून राजनीतीचा धडा काढला: ज्याची जी पायरी, तिथेच त्याला ठेवावं.

सासवडच्या घरी माझे वडील चातुर्मासात महाभारत मोठ्याने वाचत. ही गोष्ट आली की मला त्या कुत्र्याचं वाईट वाटे. त्याने सामर्थ्य मागितलं नव्हतं, भीती घालवायला सांगितली होती. वाघाची भूक त्याच्या पोटात घातली ती ऋषीने. भूक घालणारा तपस्वीच राहिला आणि ज्याला भूक लागली तो जीव पापी ठरला. पुढे मी पशुवैद्यक झाले. पुरंदर-बारामतीच्या दुष्काळी पट्ट्यात गुरं, मेंढ्या आणि त्यांच्या राखणीची कुत्री पाहण्यात माझं आयुष्य गेलं, आणि हा प्रश्न माझ्याबरोबर राहिला. एखाद्या जिवाचा स्वभाव आपण बदलला, आणि तो बदललेला स्वभाव आपल्याला झेपेनासा झाला, तर आपला धर्म काय?

या प्रश्नाचं मला पटणारं उत्तर मी माणसं वागताना पाहिलं ते कॅनडात. माझी मुलगी कॅल्गरीत राहते. तिथून पश्चिमेला रॉकी पर्वताच्या पायथ्याशी कॉक्रन नावाचं गाव आहे, आणि त्याच्याजवळ 160 एकरांवर ‘यॅम्नस्का वुल्फडॉग सँक्च्युरी’ आहे. 2011 साली सुरू झालेलं हे आश्रयस्थान वुल्फडॉगसाठी आहे, म्हणजे ज्यांच्या रक्तात लांडगा आणि कुत्रा दोन्ही आहेत अशा प्राण्यांसाठी. लांडग्याचा अंश किती, यावरून तिथे त्यांना लो, मिड आणि हाय कंटेंट म्हणतात. लो कंटेंट प्राणी पाहून हस्की किंवा अल्सेशियनची आठवण होते. हाय कंटेंट प्राण्याला पाहताना मात्र माझी नजर सवयीने जी लक्षणं तपासत होती, ती सगळी लांडग्याची निघाली: अरुंद छाती, लांब पाय, अंगाच्या मानाने मोठे पंजे, सरळ खाली सोडलेलं शेपूट, पिवळसर डोळे. जून महिना होता. हिवाळ्याची दाट लव पुंजक्यांनी सुटत होती आणि कुंपणाच्या जाळीला अडकत होती.

हे प्राणी तिथे का येतात, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच समजणार नाही. लांडग्यासारखा दिसणारा आणि कुत्र्यासारखा वागणारा प्राणी आपल्याकडे असावा, ही हौस उत्तर अमेरिकेत जुनी आहे. जॅक लंडनने 1906 साली ‘व्हाइट फँग’ लिहिली, तिचा नायक असाच मिश्र रक्ताचा आहे. अलीकडे ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेमुळे लांडग्यासारख्या दिसणाऱ्या कुत्र्यांचं वेड इतकं वाढलं, की नंतर अनेक हस्की टाकून दिले जाऊ लागले आणि त्या मालिकेतल्या एका प्रमुख नटाला लोकांना जाहीर आवाहन करावं लागलं. वुल्फडॉगची पिल्लं पैदास करून विकली जातात. घेणाऱ्याला वाटतं, घरी आणून माया लावली की झालं.

इथे शरीर आड येतं. कुत्र्याचं पिल्लू साधारण चौथ्या आठवड्यात आसपासचं जग हुंगत हिंडू लागतं, तेव्हा त्याचे डोळे आणि कान उघडलेले असतात. लांडग्याचं पिल्लू दुसऱ्या आठवड्यातच हिंडायला लागतं, तेव्हा त्याला ऐकूही येत नसतं. ते नुसत्या वासावर जग ओळखतं. त्यानंतर जे जे दिसतं आणि ऐकू येतं, ते त्याला नवं आणि भयाचं वाटू शकतं. मिश्र रक्ताच्या पिल्लात यातलं काय आणि किती उतरेल, हे कुणालाच आधी सांगता येत नाही. एका वेतातली दोन भावंडंही वेगळी निघतात. त्यातून लांडगा दोनेक वर्षांनी वयात येतो, कुत्रा त्याच्या कितीतरी आधी. म्हणून पिल्लूपणी मांडीवर झोपणारा प्राणी दुसऱ्या वर्षी बदलतो. तो कुंपणाखालून खणतो, दारं फोडतो, परक्या माणसाला पाहून राखण करायची सोडून लपतो, आणि स्वतःच्या अन्नाजवळ कुणालाही येऊ देत नाही. मालकाला वाटतं, प्राणी उलटला. खरं तर प्राणी मोठा झालेला असतो.

मग साखळी येते, नाहीतर परसातला पिंजरा. ते नाही जमलं तर प्राण्यांचा निवारा, आणि तिथेही बऱ्याचदा दार बंद असतं. अमेरिकेत वुल्फडॉग पाळण्याचा कायदा राज्याराज्यांत वेगळा आहे. काही ठिकाणी पूर्ण बंदी आहे. रेबीजची लस कुत्र्यासाठी मान्य आहे, पण या संकरासाठी एकाही लशीला तिथे अधिकृत मान्यता नाही. लस टोचलेली असली तरी अनेक ठिकाणी तो कायद्याने बिनलशीचाच. त्याने कुणाला चावा घेतला, तर अनेकदा त्याला मारून त्याच्या मेंदूची तपासणी केली जाते. अशा प्राण्याला दत्तक द्यायला कित्येक निवारे तयार नसतात. त्याला रानात सोडावं, तर शिकार कळपात राहून शिकावी लागते आणि ती त्याला कुणी शिकवलेली नसते. शिवाय माणसाची भीती अर्धवट गेलेली असल्याने तो वस्तीकडे येणार आणि गोळी खाणार. ऋषीने बाहेर काढल्यावर त्या कुत्र्याचं काय झालं, हे शांतिपर्व सांगत नाही. या प्राण्यांचं काय होतं ते मात्र आपल्याला माहीत आहे.

कॉक्रनला मी पाहिलं ते असं. कुंपण माणसाच्या डोक्याहून बरंच उंच होतं. आत झाडं, उतार, मोठे दगड होते आणि एकेका आवारात जोडीदार किंवा छोटा गट. सांभाळणारी मुलगी आम्हाला हळू चालायला, आवाज खाली ठेवायला सांगत होती. एक करडी मादी झाडांच्या पलीकडे उभी होती. ती कुठून आली, असं मी विचारलं. आधी साखळीवर होती, एवढंच ती मुलगी म्हणाली. आम्ही असेपर्यंत ती मादी जवळ आली नाही. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, “तिला बोलवाल का?” मुलगी म्हणाली, “ती येत नाही. तिला यायचं नसतं.” आणि आम्हाला पुढे घेऊन गेली.

त्या वाक्यात मला अभय या शब्दाचा अर्थ सापडला असं मी म्हणणार नाही, कारण अर्थ आपल्या परंपरेला ठाऊकच होता. सगळ्या दानांत अभयदान मोठं, हे जैन मुनीही सांगतात आणि आपले कीर्तनकारही. पण ते करायचं कसं, याची रीत मला तिथे दिसली. आपल्याला वाटतं, जवळ घेतलं, कुरवाळलं, खाऊ घातलं की अभय दिलं. भ्यालेल्या जनावरावर उपचार करणाऱ्या कुणालाही विचारा. पकडलेली, थरथरणारी मेंढी आपण गोंजारतो तेव्हा समाधान आपल्याला मिळतं. तिला हवी असते मोकळी जागा. जो आपल्याला नकार देऊ शकतो, आणि नकार दिल्यावरही ज्याचं अन्न, पाणी, सावली बंद होत नाही, त्याला अभय मिळालं. त्या मादीला ते मिळालं होतं.

यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला कुंपणाचा. अभय म्हणता आणि कोंडून ठेवता? मला वाटतं, कुंपण हे इथे आपल्या चुकीच्या पैदाशीचं मोजमाप आहे. त्या प्राण्याला जिथे मोकळं राहता येईल असं रान माणसाने जन्माआधीच त्याच्याकडून काढून घेतलं. उरलेल्या शक्यतांतली सर्वांत रुंद म्हणजे हे आवार. ते पुरेसं आहे असं तिथली माणसंही म्हणत नाहीत. म्हणूनच अशी चांगली आश्रयस्थानं प्राण्यांची पैदास करत नाहीत. आपल्याकडे नवा प्राणी येऊच नये, अशी त्यांची इच्छा असते.

दुसरा आक्षेप माझ्याच पेशातून येतो: एक इंजेक्शन देऊन शांतपणे मरण देणं अधिक दयेचं नाही का? मी असं मरण दिलेलं आहे. पाठीचा कणा तुटलेलं कुत्रं, डिस्टेंपरने झटके येणारं पिल्लू, जिथे वेदना थांबवायला दुसरा उपाय उरला नव्हता तिथे. त्या हातांनीच मी सांगते की ते औषध वेदनेवर आहे, गैरसोयीवर नाही. दोन वर्षांचा, निरोगी, दात चमकणारा प्राणी केवळ आपल्या घरात मावत नाही म्हणून मारला, तर त्याला दया म्हणता येत नाही. तो हिशेब मिटवण्याचा सोपा मार्ग आहे, आणि हिशेब आपला होता.

तिसरा आक्षेप आमच्या वारकरी घरात कुणीही विचारेल असा. हे प्राणी मांस खातात. एका जिवाला वाचवायला दुसऱ्या जिवाचं मांस द्यायचं, ही कसली भूतदया? इथे मला शिबीराजा आठवतो. कपोत त्याला शरण आला आणि मागोमाग ससाणा आला. ससाण्याचं म्हणणं साधं होतं: कपोत तुझा शरणागत, पण माझी भूक खोटी आहे का? शिबीने त्याला धान्य खायचा उपदेश केला नाही. भूक खरी आहे हे त्याने मान्य केलं आणि स्वतःच्या मांडीचं मांस तराजूत घातलं. आश्रय देणाऱ्याने किंमत स्वतः मोजायची, दुसऱ्याच्या स्वभावाकडून वसूल करायची नाही, असं ही कथा मला सांगते. अमेरिकेतली काही आश्रयस्थानं आसपासच्या पशुपालकांनी दिलेली, आधीच मेलेली गुरं-घोडी वापरतात. त्याने प्रश्न पूर्ण सुटत नाही. पण मांसभक्षकाला शाकाहारी करू पाहणं म्हणजे त्या ऋषीचीच वाट पुन्हा धरणं: आधी आपल्याला हवा तो स्वभाव घालायचा, मग त्याबद्दल शिक्षा करायची.

आता आपल्या माळरानाकडे येते, कारण हा प्रश्न रॉकी पर्वतापुरता नाही. पुणे, सोलापूर, नगरच्या गवताळ माळांवर भारतीय लांडगा राहतो. देशभरात तो जेमतेम तीनेक हजारांच्या आसपास उरला आहे आणि वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. माळ कमी झाले. ढाबे, कोंबड्यांचा कचरा, प्लॉटिंग वाढलं. त्याबरोबर भटकी कुत्री वाढली. लांडग्याला जोडीदार मिळेना तेव्हा त्याने कुत्र्याशी जोडी केली. 2023 मध्ये एट्री, एनसीबीएस या संशोधन संस्था आणि पुण्याच्या ग्रासलँड्स ट्रस्टच्या अभ्यासकांनी पुणे परिसरातल्या प्राण्यांचे जनुक तपासून भारतातल्या अशा संकराचा पहिला जनुकीय पुरावा मांडला. माळावरच्या मेंढपाळांना ते आधीपासून दिसत होतं. एका म्हाताऱ्या धनगराने वाघरीच्या कडेला बसून मला सांगितलं होतं, “बाई, लांडगं मानसाला बघून वळतंय. ह्ये वळत न्हाई, बघत हुबं ऱ्हातंय. रंग बी येगळा हाय.” त्याचं एक कोकरू गेलं होतं. लांडग्याने नेलं तर त्याला राग नसे. त्याचं त्याने नेलं, असं तो म्हणे. या नव्या प्राण्याला काय समजावं, हे मात्र त्याला ठरवता येत नव्हतं.

हा संकर लांडग्यासाठी धोक्याचा आहे, हे मी स्पष्ट सांगते. कुत्र्यांकडून डिस्टेंपर आणि रेबीज लांडग्यांत जातात. हजारो वर्षं माळावर टिकून राहायला घडलेलं रक्त पिढ्या गेल्यावर पातळ होऊ शकतं. लांडगा लांडगा म्हणून राहावा, यासाठी झटणाऱ्यांच्या मी बाजूची आहे. पण संकर होणं आणि संकरातून जन्मलेला जीव, या दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. पहिली थांबवायची आहे. दुसऱ्याने काहीही केलेलं नाही. जन्मावरून दोष चिकटवण्याची सवय आपल्या समाजात किती खोल आहे आणि तिने माणसांचं काय केलं, हे महाराष्ट्राला सांगायला नको. माणसाचं दुःख आणि जनावराचं दुःख मी एका मापाने मोजत नाही. पण ती सवय एकच आहे, आणि ती जिथे दिसेल तिथे मोडली पाहिजे. महाभारताच्या अगदी आरंभी जनमेजयाचे भाऊ यज्ञाजवळ आलेल्या एका कुत्र्याला मारतात. तो रडत आई सरमेकडे जातो. त्याने हवीला तोंड लावलेलं नसतं, त्याकडे पाहिलेलंही नसतं. सरमा येऊन विचारते, माझ्या मुलाचा अपराध काय? राजघराण्याकडे उत्तर नसतं, आणि तिचा शाप त्यांना लागतो. एवढ्या मोठ्या ग्रंथाने कुत्रीच्या त्या प्रश्नाला दारातच जागा दिली आहे, याला मी फार महत्त्व देते.

ग्रंथाच्या शेवटाकडे येणारा दुसरा कुत्रा सगळ्यांना ठाऊक आहे. युधिष्ठिर त्याच्यासाठी स्वर्ग नाकारतो, आणि तो कुत्रा धर्मच असल्याचं उघड होतं. ही कथा आपण निष्ठेची म्हणून सांगतो: तो इतकं चालला, साथ सोडली नाही, म्हणून त्याला सोडू नये. माणूस आणि कुत्रा यांचं नातं असंच आहे, आणि त्याचा आरंभ निष्ठेत होता की काळजीत, हेही सांगता येत नाही. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे 1914 साली एका पुरुषाच्या आणि स्त्रीच्या सांगाड्यांबरोबर एका कुत्र्याचे अवशेष सापडले. ते सुमारे 14,000 वर्षांपूर्वीचे आहेत. 2018 मध्ये संशोधकांनी त्याच्या दातांवरून दाखवलं, की त्या पिल्लाला डिस्टेंपरसारखा भयंकर आजार झाला होता आणि माणसाने सेवा केल्याशिवाय ते तितके आठवडे जगलंच नसतं. डिस्टेंपरचं पिल्लू मी हातात धरलेलं आहे. त्याची घाण काढावी लागते, त्याला ऊब द्यावी लागते, थेंबाथेंबाने पाणी पाजावं लागतं, आणि त्या काळात त्याचा काडीचा उपयोग नसतो. इतक्या प्राचीन काळी कुणीतरी हे केलं.

पण वुल्फडॉगपाशी येऊन युधिष्ठिराची कथाही तोकडी पडते. त्याच्यामागे चालणारा कुत्रा भक्त होता. झाडांपलीकडे उभी असलेली ती मादी माझी भक्त नाही, त्या मुलीचीही नाही. ती कुणाच्या मागे चालत आलेली नाही. तिला आणलं गेलं, आणि त्याआधी तिला घडवलं गेलं. ती आपल्यावर प्रेम करील या आशेवर तिला सांभाळायचं ठरवलं, तर आशा संपेल त्या दिवशी सांभाळणंही संपेल. साखळीवर तिला सोडून देणाऱ्याच्या बाबतीत नेमकं हेच झालं असणार. म्हणून इथे प्रेमाहून पक्कं काहीतरी लागतं, आणि आपल्या धर्माने त्याला ऋण म्हटलं आहे. पितरांचं, ऋषींचं, देवांचं देणं आपण मानतो. गृहस्थाच्या पाच यज्ञांत भूतयज्ञ आहे. त्यात कावळा, कुत्रा, किडामुंगी यांचा घास आधी काढायचा असतो. तो घास ठेवताना कुत्रा आपला आहे का, तो शेपूट हलवतो का, असं विचारायचं नसतं. घास ठेवून बाजूला व्हायचं असतं.

ज्याला आपण घडवलं त्याचं ऋण याहून एक पायरी वर आहे, असं माझं मत आहे. कावळ्याला आपण जन्माला घातलेलं नाही, तरी त्याचा घास आपल्यावर आहे. मग ज्याचे आईबाप आपण निवडले, ज्याच्या रक्तात आपल्या हौसेखातर दोन विरुद्ध ओढी घातल्या, त्याचं संपूर्ण आयुष्य आपल्यावर आहे. भीष्मांच्या गोष्टीतला ऋषी शरणागताला वाचवण्यात चुकला नाही. त्याची चूक शेवटच्या क्षणी झाली. शरभाच्या डोळ्यांतली भूक आपणच पेटवली आहे, हे ओळखून त्याने शरभाला पुन्हा कुत्रा केलं असतं आणि तपोवनातच ठेवून घेतलं असतं, तर त्याची तपश्चर्या पूर्ण झाली असती.

देणं फेडायचं ते पुढे वाढू नये म्हणून. त्यामुळे या विचाराला हातांनी करायची कामं जोडलेली आहेत. रानाचा अंश असलेलं पिल्लू कितीही देखणं असलं तरी विकत घेऊ नये, कारण पैसे मोजले की पुढचं वेत ठरतं. माळाच्या कडेच्या गावांत आणि धनगरवाड्यांत कुत्र्यांचं लसीकरण आणि निर्बीजीकरण नेमाने व्हावं. ते वनखात्याइतकंच पशुसंवर्धन खात्याचं आणि ग्रामपंचायतीचं काम आहे. कोकरू गेलेल्या मेंढपाळाला भरपाई वेळेवर मिळावी, म्हणजे लांडग्याबद्दलची त्याची जुनी उदार समजूत टिकेल. उघड्यावरचा कचरा बंद व्हावा. आणि इतकं करूनही माळावर एखादा मिश्र रक्ताचा प्राणी सापडलाच, तर त्याला लांडग्यांपासून वेगळं करावं लागेल. पण वेगळं केल्यावर त्याला मारून मोकळं होऊ नये. जन्मभर पुरेल अशी जागा त्याला आपल्याच राज्यात मिळावी, आणि तिचा खर्च आपण सर्वांनी उचलावा. तो प्राणी आपल्याला कधी ओळख दाखवणार नाही, आभार मानणार नाही. तरीही हे केलं पाहिजे, कारण त्याच्याकडून आपल्याला काहीच येणं नाही. जे आहे ते सगळं आपलं देणं आहे.